सूर्याच्या आरशाला लागलेलं अत्तर

आमच्या ह्यांनाही हे ठाऊक नाही. माणूस फौजेतला, समोरच्याच्या चालीवरून त्याच्या पोटातलं ओळखणारा — पण माझ्या पोटातलं हे त्यांना इतक्या वर्षांत कधी कळलं नाही. मुलांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा मी दुसरंच काहीतरी बोलून उठले. आणि गंमत बघा, नातेवाइकांत माझी ख्याती काय? फटकळ. साताऱ्याची मिरची. ‘तिच्या पोटात काही राहत नाही हो, सगळं तोंडावर बोलून मोकळी होते’ — असं म्हणतात लोक, आणि मी मान डोलावते.

आज बोलणार आहे. ठरवून बसले आहे. मी मध्येच आडवळणाला जाईन, तुम्हाला वाटेल ही बाई टाळतेय — खरंच टाळत असेन. पण परत येईन. शेवटपर्यंत जायचं म्हणजे जायचं.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. ह्यांची बदली जयपूरला झालेली. छावणीत क्वार्टर मिळेना म्हणून आम्ही बनी पार्कमध्ये एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मी फिजिक्सची एम.एस्सी. घरात बसून लोणची घालायचा माझा पिंड नव्हता. तिलक नगरच्या पुढे एक छोटी प्रयोगशाळा होती — नाव नाही सांगत, तिचा यात काही दोष नाही — तिथे मला काम मिळालं. चार खोल्या, एक बाग, बागेत मोर. आणि काम काय, तर सूर्य बघायचा.

सूर्य रोज दिसतोच की, त्यात काय बघायचं? तर सूर्यालाही स्वतःचं वातावरण असतं, आणि ते सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट तापलेलं असतं. चुलीपेक्षा चुलीवरची हवा जास्त तापावी, तसं. का? ते तेव्हा कोणालाच धड सांगता येत नव्हतं. ते बघायचं तर अतिनील प्रकाशात बघावं लागतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याला ‘जंबुपार’ म्हणायचे — जांभळ्याच्या पलीकडचा. मला अजून तोच शब्द आवडतो. पण हा प्रकाश आपली हवा वरच्या वर गिळून टाकते, जमिनीवर येऊच देत नाही. म्हणून मग दुर्बीणच वर न्यायची. अग्निबाणाच्या टोकात बसवायची, हवेच्या वर गेली की काही मिनिटं सूर्याकडे बघायचं, दिसेल ते रेडिओने खाली धाडायचं, आणि संपलं. एवढ्या मिनिटांसाठी आमची कित्येक वर्षं.

त्या दुर्बिणीचा जीव म्हणजे तिचा आरसा. जेवणाच्या ताटलीएवढा. दक्षिणेत एका ठिकाणी त्याच्यावर खास मुलामा चढवून घेतला होता. अतिनील प्रकाशाचा आरसा हा फार नाजूक नवरदेव. बोटाचा ठसा नको, श्वासाची वाफ नको, कुठल्याही तेलाचा वासही नको. तेलाची वाफ त्याच्यावर बसली — इतकी पातळ की डोळ्याला दिसणारच नाही, आरसा लख्खच दिसेल, त्यात बघून तुम्ही टिकली लावाल — तरी अतिनील प्रकाशाला तो आंधळा. म्हणून त्याची खोली वेगळी, चपला वेगळ्या, कोट वेगळा, हातात पांढरे सुती हातमोजे. डबा हवाबंद, आत कोरडी हवा. आणि डब्यात आरशाशेजारी त्याच मुलाम्याचा एक छोटा काचेचा तुकडा ठेवायचा. त्याला आम्ही ‘साक्षीदार’ म्हणायचो. आरशाला हात न लावता त्या तुकड्याची परीक्षा करायची. तो ठीक तर आरसा ठीक.

त्या खोलीचं नाव मी ठेवलं होतं — सोवळ्याची खोली. सगळे हसले. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, त्यांना मराठी येत नसे, त्यांना समजावून सांगितलं तर तेही हसले.

विशाखाही हसली. म्हणाली, “मग मला आत घेताय ना ताई?”

मी तेव्हा त्यावरही हसले. मला तो विनोदच वाटला, काय सांगू!

विशाखा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. अकोल्याकडची. वडील रेल्वेच्या लोको शेडात, इंजिनं दुरुस्त होतात तिथे, फिटर, बदली होऊन जयपूरला आलेले. स्टेशनाजवळच्या रेल्वे कॉलनीत राहायचे. बौद्ध घर. आईला अक्षरओळख नाही, आणि मुलगी नागपूरहून एम.एस्सी. करून आलेली, पहिल्या वर्गात. प्रयोगशाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ती चालत बनी पार्कच्या कोपऱ्यापर्यंत यायची, मी जिना उतरून खाली जायची, आणि एकाच सायकलरिक्षात बसून आम्ही कामाला जायचो. दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ आंबायची. मग परतताना मराठीचा नुसता धबधबा. माझं खरकटं, तिचं खरकटं — डब्यात काही वेगळं राहिलं नव्हतं. मी तिला मैत्रीण म्हणायची. मनापासून म्हणायची. मग?

मग हे. त्या वर्षी रथसप्तमीला मी घरी हळदीकुंकू केलं. छावणीतल्या सगळ्या मराठी बायका, रेल्वेतल्या दोघी-तिघी साहेबांच्या बायका. विशाखाला बोलावलं नाही. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी विचारलंही, ‘ती तुझी मैत्रीण यायची ना?’ मी म्हटलं, ‘त्यांच्यात नसतं.’ नसतं हे खरं असेल. पण तिला कोणी विचारलं होतं? हळदीकुंकू सवाष्णींचं, ती कुमारी, अशीही एक सोय होती. पण मेजरसाहेबांची मेव्हणी, कॉलेजात जाणारी पोर, तिला मी हात धरून वर आणलं होतं. सासूबाईंनी काही म्हटलं नसतं. बायका मात्र एकमेकींकडे बघतील असं मला वाटलं. एवढंच. रथसप्तमी — म्हणजे सूर्याचा दिवस! पाटावर रथ काढला, दूध उतू घातलं, आणि जी मुलगी माझ्याबरोबर रोज सूर्यासाठी खपत होती तिला दाराबाहेर ठेवलं.

दुपारी बायका जमल्या. मी यजमानीण. जोहरी बाजारातून हिन्याचं अत्तर आणलं होतं, चांगलं, दाट. प्रत्येकीच्या हाताला लावत होते, आणि प्रत्येकीला लावताना माझ्याच मनगटाला, बोटांना जास्त लागत होतं. तेवढ्यात खालून घरमालकांनी हाक मारली — फोन आहे. विशाखाचा होता. आरसा आला होता, रेल्वे पार्सलने, अपेक्षेच्या दोन दिवस आधी. वडिलांच्या ओळखीने तिने तो सुट्टीच्या दिवशी सोडवून घेतला, प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. आता तो लाकडी खोक्यातून काढून लगेच डब्यात बंद करायला हवा. खोलीची किल्ली माझ्याकडे. ती म्हणाली, “ताई, मी चाबी न्यायला येऊ का?”

ती येणार म्हणजे जिना चढणार. जिना चढणार म्हणजे दारातल्या त्या चपला बघणार.

‘नको नको,’ मी म्हटलं, ‘तू घरी जा. खोकं चौकीदार भैयाकडे दे. मीच जाऊन ठेवते.’ ती म्हणाली, दोघींनी ठेवायचा नियम आहे ना? मी म्हटलं, आहे, पण तू दमली असशील. बघा कशी माया आली मला!

ह्यांनी स्कूटरवरून नेलं. रेशमी साडीवरच कोट चढवला. हात साबणाने धुतले — पण हिना कुठला जातोय साबणाने? वर हातमोजे घातले, ते मनगटापर्यंत आले, मनगटावरचं सगळं त्यांना लागलं. आरसा व्यवस्थित बसवला, साक्षीदार शेजारी ठेवला. बाहेर हे हॉर्न वाजवत होते, घरी बायका खोळंबल्या होत्या. झाकणाचे स्क्रू मोज्यांनी फिरत नाहीत म्हणून आधीच मोजे काढले, हाताशी होतं तिथे ठेवले, झाकण लावलं, आवळलं आणि पळाले.

मोजे आत राहिले. आरशाशेजारी, हवाबंद डब्यात, अत्तरात भिजलेले. एखाद्या मुद्दाम करणाऱ्यालाही इतकं नेमकं जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात मी विशाखाला म्हटलं, सरांनी विचारलं तर दोघींनी ठेवला म्हणू, उगीच नियम मोडला म्हणून बोलणी नकोत. ती म्हणाली, हो ताई. का, कशाला — काही नाही. त्याच दिवशी सरांनी विचारलं, आणि तिने माझ्यासाठी पहिलं खोटं बोलून टाकलं.

काही आठवड्यांनी साक्षीदार तपासायची वेळ आली. विशाखा बाहेर, तपासणीच्या पेटीतली हवा काढून घेणाऱ्या पंपापाशी होती. मी एकटीनेच आत जाऊन डबा उघडला — आणि भपकन हिना! मोजे समोर पडलेले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. काय करायला हवं होतं? हाक मारायला हवी होती. मी मोजे कोटाच्या खिशात घातले. वास जरा जाईपर्यंत झाकण उघडं ठेवून उभी राहिले. मग साक्षीदार घेऊन बाहेर आले, शहाण्यासारखा चेहरा करून. संध्याकाळी घरी ते मोजे बंबात घातले, त्यावर तापलेल्या पाण्याने ह्यांनी अंघोळ केली.

परीक्षेत साक्षीदार साफ नापास. अतिनील प्रकाश त्याच्यावर टाकला तर परत जवळजवळ काहीच येईना. सरांनी आधी पंपाच्या तेलावर संशय घेतला. दुसरा कोरा तुकडा लावून बघितला, तो उत्तम पास झाला. म्हणजे पंप ठीक. म्हणजे दोष डब्यात. म्हणजे डब्याला हात लावणाऱ्यांत. डब्याला हात लावणाऱ्या दोघी. डबा आदल्या दिवशी घासून, सुकवून तयार केला होता विशाखाने. आरसा ठेवला होता ‘दोघींनी’.

अग्निबाण ठरलेला होता. त्या वेळी सूर्य खवळलेला होता, डाग, ज्वाळा — असा सूर्य परत बघायचा तर दहा-अकरा वर्षं थांबा. आरसा परत दक्षिणेला पाठवायचा म्हणजे ती वेळ हातची गेली. आणि ठरलं होतं की दुर्बिणीबरोबर समुद्रकाठी, अग्निबाण उडतो तिथे, आमच्यातली एक जाईल. सरांच्या मनात विशाखा होती. तिच्या हाताला स्थिरता होती, माझ्यापेक्षा जास्त. हे मलाही ठाऊक होतं. तिने समुद्र कधी बघितला नव्हता. रिक्षात त्यावर आमच्या किती गप्पा झाल्या होत्या.

सरांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. खचला होता. म्हणाले, तुम्ही वयाने मोठ्या आहात, विचार करून सांगा, तेल आलं कुठून? मला तोंडात मिठाची गुळणी धरून बसता आलं असतं. ‘ठाऊक नाही’ म्हणता आलं असतं. नुसती गप्प राहिले असते तरी मी भित्रीच ठरले असते, पण भित्रीच. मी गप्प राहिले नाही. मी म्हटलं, “सर, बुरा मत मानिए — विशाखा के कपड़ों में बास आती है. लोको शेड की. डीज़ल की.”

वास येतो. हे मी म्हटलं. तिच्या कपड्यांना वास येतो. तिचे वडील रात्रपाळी करून येतात, तेलकट कपडे त्याच मोरीत धुतले जातात, एवढंसं घर — हे सगळं मी सरांना समजावून सांगितलं, अगदी कळवळ्याने. मुलीची काही चूक नाही सर, परिस्थिती. हा शब्दसुद्धा वापरला. चोराच्या उलट्या बोंबा असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. त्या इतक्या हळू आवाजात मारता येतात हे ठाऊक नव्हतं.

आणि हे बघा, मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी गेली असती तरी आमची चूल विझणार नव्हती. विशाखाच्या घरात धाकटी तीन भावंडं होती. डिझेल का सुचलं मला? मळलेली चप्पल, केसांतलं खोबरेल, काहीही सुचलं असतं. वासच का सुचला? ते शब्द माझ्या तोंडात आधीपासून असल्यासारखे आले, शोधावे लागले नाहीत. आमच्या घरात, आमच्या गल्लीत, कोणाच्या वासाबद्दल कोण बोलायचं हे मी ऐकत मोठी झाले होते. मला वाटायचं मी ते सोडून पुढे आले आहे — फिजिक्स शिकले, एका डब्यात जेवले!

सरांनी तिला बोलावलं. माझं नाव घेतलं नाही. जपूनच बोलले म्हणे — कपडे, घर, डिझेल. तिला एक वाक्य पुरलं असतं: सर, आरसा ठेवला तेव्हा मी तिथे नव्हतेच. ती ते बोलली नाही. मला शब्द दिला होता ना तिने.

तिला आकडेमोडीच्या टेबलावर बसवलं. सोवळ्याची खोली बंद झाली तिला. वर्ष संपल्यावर शिष्यवृत्ती वाढवून मिळाली नाही. पुढे कळलं, जयपूरजवळच्या चौमूंला एका शाळेत गणित शिकवते. रोज बसने जा-ये. एकदा सीकरला जाताना आमची बस चौमूंला थांबली. शाळा सुटायची वेळ होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

समुद्रावर मी गेले. आरसा नव्याने मुलामा चढवून आला, बऱ्याच उशिराने अग्निबाण उडाला, सूर्य तोवर पुष्कळ निवला होता. तरी चित्रं बरी आली. टाळ्या वाजल्या, सरांनी माझी पाठ थोपटली. मी तिथून विशाखाला शंख आणायचा असा विचार केला होता. विचार केला होता, म्हणजे बघा माझी मजल.

इथवरचं सांगायला सोपं होतं. हो, सोपंच. अपघात, भीती, मत्सर, संस्कार — या सगळ्याला काहीतरी नाव आहे. ज्याच्यासाठी मी बसले आहे ते अजून सांगितलेलं नाही.

तिला त्या खोलीतून काढल्यानंतर थोड्या दिवसांनी, एका रविवारी दुपारी, विशाखा माझ्या घरी आली. पहिल्यांदाच. इतकी वर्षं कोपऱ्यावर थांबणारी मुलगी जिना चढून वर आली. हे झोपले होते. मी ‘आत ये’ म्हटलं, ती उंबऱ्याबाहेरच थांबली. पांढरी सुती साडी, कडक इस्त्री, हात धुण्याच्या सोड्याने फाटलेले. माझ्याशी ती नेहमी पुस्तकातली मराठी बोलायची, वऱ्हाडी हेल दाबून. त्या दिवशी घरची भाषा बाहेर आली.

म्हणाली, बाबांचे कपडे आता शेजाऱ्यांकडे ठेवते. माझे वेगळ्या बादलीत धुते, दोनदा धुते, गच्चीवर वाळवते. आई म्हणते वास नाही, पण आईला सवय झाली असेल. दुसऱ्या कोणाला कसं विचारू? तुम्ही फटकळ आहात, तुम्ही खोटं बोलणार नाही. “खरं सांगा ताई, माह्या कपड्याले अजून वास येते काय?”

आणि पदर माझ्यापुढे धरला.

मी वाकले. पदर हातात घेतला, नाकाशी नेला, श्वास घेतला. नीट घेतला, घाई केली नाही. साबणाचा वास होता. उन्हाचा होता. बाकी काही नाही. तिने कधीही मान खाली घालावी असं तिच्या अंगावर काही नव्हतं, आणि ते सांगू शकणारी जगात मी एकटी होते. मला तिथे कोणी भीती घातली नव्हती. सर नव्हते, आरसा नव्हता, काही वाचवायचं उरलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर फार तर ती सरांकडे जाऊन परत एकदा बोलली असती.

मी म्हटलं, “थोडासा येतो गं.”

तिने मान हलवली, पदर आवरून घेतला आणि म्हणाली, बरं झालं ताई, तुम्ही सांगितलं.